मागच्या रांगेतला मेल्विन

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सगळ्यात आधी सुविचार येत नाही. पाण्याचा टँकर कधी येणार, हेही येत नाही. सगळ्यात आधी येतो तो मेल्विनच्या डाव्या पायाचा अंगठा. नख काळंनिळं, कडेनं चिकटपट्टी, टोकाला फोड. खाली मजकूर असतो, "गुड मॉर्निंग फॅमिली. आजचा अंगठा. क्लास झाला." आमचे चेअरमन चौगुले त्याखाली न चुकता जोडलेले हात टाकतात. ते नमस्कार म्हणून की 'बाबा रे, आता पुरे' म्हणून, हे त्यांनी कधी स्पष्ट केलेलं नाही. मी मात्र चहात बिस्किट बुडवून होईपर्यंत फोन उघडायचं सोडून दिलं आहे.

मेल्विन आमच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये राहतो. वसईच्या माणिकपुरात, खाली दुकानं, समोर शाळा, कोपऱ्यावर रिक्षा स्टँड अशी आमची इमारत आहे. अशा इमारतीत माणसं बँकेत असतात, एलआयसीत असतात, नाहीतर माझ्यासारखी शाळेत भूमिती शिकवतात. मेल्विन बॅले नाचतो. परदेशी संगीतावर, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून पुरुष बायकांना डोक्यावर उचलतात आणि शेवटी त्यातली एक बाई मरते, तो नाच. हा मूळचा शेजारच्या गास गावचा, केळीच्या वाडीत वाढलेला मुलगा. वांद्र्याला कुणा बाईंकडे शिकला, तिथून शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेला आणि तिकडच्या एका लहानशा शहरातल्या बॅले कंपनीत त्यानं ऐन उमेदीची वर्षं काढली. 'कंपनीत होतो' म्हटल्यावर आमच्या ह्यांनी पहिल्याच भेटीत त्याला विचारलं होतं, "मग बोनस वेळेवर व्हायचा का?" ह्यांची हयात पंप बनवण्याच्या कारखान्यात गेली आहे.

डोक्यावर नाचणारा माणूस राहायला येतोय हे कळल्यावर आम्ही भांडणाच्या पूर्ण तयारीत होतो. ह्यांनी तर दुपारी झोप न लागण्याची आगाऊ सवयच करून घेतली होती. पण वरून आवाजच येईना. खुर्ची सरकल्याचा नाही, भांडं पडल्याचा नाही. मेल्विन आला की नाही, हेच आम्हाला कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ, पाठीला इस्त्री केल्यासारखा ताठ माणूस उभा. पाय बाहेरच्या बाजूला वळलेले, बदकाचे असतात तसे.

"वहिनी, सॉरी हां. राणेसाहेबांची टाच."

"काय झालं टाचेला?"

"ऐकू येते. वर."

म्हणजे आम्ही ज्याच्याशी भांडणार होतो, तोच आमच्याशी भांडायला आला होता. भांडण तरी कसलं! तो आत आला, ह्यांना हॉलच्या मधोमध उभं केलं आणि चालायला लावलं. "राणेसाहेब, तुम्ही जमिनीवर पाय टाकता. पाय टाकायचा नसतो, ठेवायचा असतो. आधी बोटं, मग चवडा, मग टाच. आणि गुडघा सैल. प्लिए." प्लिए म्हणजे गुडघ्यात मऊपणे वाकणं. आमचे हे रिटायर होईपर्यंत कुणापुढे वाकले नव्हते. ते त्या संध्याकाळी टीव्हीपासून फ्रिजपर्यंत वाकत वाकत गेले. मी हसू आवरत स्वयंपाकघरात पळाले, तर मागून आवाज आला, "वहिनी, तुमचीही टाच!"

त्याच्या कंपनीत एक म्हातारा बॅलेमास्टर होता. तो म्हणे स्टेजकडे पाठ करून, डोळे मिटून बसायचा आणि सगळ्यांना उड्या मारायला लावायचा. ज्याची उडी ऐकू आली, त्याला घरी पाठवायचा. "उंच उडणं सोपं असतं वहिनी, माकडंपण उडतात. खाली येणं ही कला आहे. नाचणारा खाली आला हे फक्त दिसलं पाहिजे. ऐकू आलं म्हणजे तो नाचणारा नाही, हमाल." हे ऐकल्यापासून मला माझ्याच घरात चालताना हमाल असल्यासारखं वाटतं.

कंपनीच्या रीतीभाती त्यानं माणिकपुरात जशाच्या तशा आणल्या आहेत. नाच पाठ करताना हे लोक म्हणे दर वेळी पूर्ण नाचत नाहीत. दोन्ही हातांना पाय समजून हवेत बोटांनी तो नाच नुसता आठवतात. हे कंपनीत ठीक आहे. मेल्विन ते रिक्षाच्या रांगेत करतो. एकदा त्याचे हात असे गिरक्या घेताना पाहून रिक्षावाल्याचा समज झाला की हा बिचारा मुका आहे. त्यानं त्याला भाडं खुणांनी सांगितलं, सुटे पैसे खुणांनी दिले आणि उतरताना आदरानं हात धरून उतरवलं. मेल्विननं ग्रुपवर लिहिलं, "वसईतले लोक आर्टिस्टला किती रिस्पेक्ट देतात!"

दुसरी रीत शेणाची. खेळाआधी एकमेकांना शुभेच्छा दिल्या की काहीतरी अशुभ घडतं, अशी त्या लोकांची समजूत आहे. म्हणून ते शुभेच्छा देत नाहीत, विष्ठेचं नाव घेतात. मेल्विननं आपल्या संस्कृतीला झेपेल असं भाषांतर करून ठेवलं आहे. चौगुल्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे दारात, चौगुले नव्या झब्ब्यात, आणि मेल्विन जिना उतरता उतरता प्रेमानं ओरडला, "चौगुलेसाहेब, शेण!" मुलाकडच्यांची समजूत घालायला चौगुल्यांना बरंच बोलावं लागलं. लग्न ठरलं, म्हणून बरं. मेल्विनचं म्हणणं, ठरलं ते शेणामुळेच.

पायाला लावायला बर्फ तो मासळीबाजारातून आणतो. फ्रिजमधल्या बर्फात दम नसतो म्हणतो. बादलीत बर्फ, बर्फात पाय, आणि सगळ्या जिन्यात बोंबलाचा वास. "कंपनीत आम्ही सगळे असेच ओळीनं बसायचो बादल्यांत पाय घालून. काय मजा यायची!" हे सांगताना त्याचा चेहरा असा होतो, की तो मजेचा भाग आपल्यालाच कळला नसेल असं वाटावं.

आणि फोटो! अंगठ्यानंतर दुपारी स्टेजवरचे जुने फोटो येतात. 'मी कुठे आहे ओळखा.' शाळेच्या पुस्तकात उंदराला चीजपर्यंत पोचवायचं कोडं असतं, तसंच हे. पुढे राजकुमार, राजकन्या, मग तिच्या मैत्रिणी, मग शिपाई, मग पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे कुणाच्या तरी मुकुटाच्या वर एक कान. तो कान मेल्विनचा. कधी तो शिपाई होता, कधी राजवाड्यातला पाहुणा, कधी जंगल. इतक्या वर्षांत तो एकदाही पुढच्या रांगेत आला नाही, आणि याची त्याला लाज तर नाहीच, उलट आहे ती घमेंड. मागच्या रांगेला ते 'कोर' म्हणतात.

"कोरमधल्यानं सुंदर दिसायचं नसतं, वहिनी. सारखं दिसायचं असतं. राजकन्या पडली तर लोक हळहळतात. कोरमधला एक हलला तर सगळं जंगल खोटं पडतं."

"पण मग तुम्ही करायचात काय?"

"उभे राहायचो. एकदम कडक उभे राहायचो."

मी भूमिती शिकवते. सरळ रेषेत उभं राहण्याचा पगार मिळतो, हे मला नवीन होतं. "मग आता परत कधी जाणार?" असं विचारलं की त्याचं ठरलेलं उत्तर असे, "सप्टेंबरला सीझन सुरू होतो. मी ऑफ सीझनला आलोय." त्याच्या त्या ऑफ सीझनमध्ये दोनदा गणपती येऊन गेले. जाण्याचं लक्षण दिसेना. जर्मनीत सप्टेंबर उशिरा येत असेल, असं म्हणून आम्ही विचारायचं सोडलं.

तो इथं थांबला होता तो वडलांसाठी, हे मला कळलं ते आमच्या चहाच्या टेबलावर. त्याचे वडील पास्कूबाबा गासला थोरल्या मुलाच्या घरी राहतात. केळी, मोगरा, थोडा भाजीपाला अशी वाडी. वय झालं तरी स्वतः पाणी लावतात. त्यांनी मेल्विनला नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. जर्मनीला यायचं तिकीट त्यानं दोनदा काढलं होतं. दोन्हीदा उत्तर आलं, "मग वाडीला पानी कोन लावील?" मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले, "यात तू आंगठ्याएवढा दिसतो." आणि गावात कुणी विचारलं की सांगायचे, "धाकल्याला परदेशात उबा ऱ्हायाची नोकरी हाय."

"आणि आता काचबिंदू झालाय दोन्ही डोळ्यांत," मेल्विन म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आहे ते थोडंसं दिसतंय, तेही जाणार. मला फक्त एकदा दाखवायचंय त्यांना. दिसतंय तोवर. नाहीतर मी एवढी वर्षं काय केलं, ते त्यांना कळणारच नाही ना."

त्यानं पहिल्यांदाच टेबलाखाली पाय बदकासारखे न वळवता नुसते ठेवले होते. मला त्याचं वाईट वाटलं. वाईट वाटलं की मी नेमकी भलतंच बोलते. मी म्हटलं, "मग दाखव की. आम्ही येतो टाळ्या वाजवायला."

"टाळ्या नकोत वहिनी. मला कोर पाहिजे."

अशा रीतीनं आम्ही फसलो. मेल्विननं एक नाच बसवला होता. पहाटे एक माणूस केळीच्या वाडीला पाणी लावतो, एवढंच त्याचं कथानक. त्यात कुणी मरत नव्हतं, ही जमेची बाजू. माणूस मेल्विन, केळी आम्ही. मी, आमचे हे आणि तिसऱ्या मजल्यावरची दोन कुटुंबं. चौगुल्यांनाही विचारलं होतं. पण चेअरमननं झाड व्हावं हे पदाला शोभत नाही म्हणून त्यांनी प्रेक्षकांत बसायचं कबूल केलं. कार्यक्रम गासच्या बाजूच्या चर्चच्या हॉलमध्ये.

तालमी गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या मधे. मला वाटलं होतं, उभं राहायला काय लागतं? तेच सगळ्यात कठीण निघालं. उभं राहिलं की नाक खाजतं, कुकरची शिट्टी आपलीच वाटते, शेजारचा श्वास घेतोय की झोपलाय अशी काळजी लागते. "श्वास एकत्र!" मेल्विन ओरडायचा. "वेगवेगळा श्वास घेतला तर ती वाडी नाही, रेशनची रांग आहे!" मी हिरव्या क्रेप कागदाची पानं करून आणली, तर त्यानं ती काढून टाकली. "केळ आतून यायला हवी, वहिनी." माझ्या आतून केळ येईना. आमच्या ह्यांच्या आतून मात्र आली. पंपाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस गच्चीवर हात किंचित उचलून असा काही उभा राहायचा की मेल्विनचे डोळे भरून यायचे. "राणेसाहेब, तुम्ही चुकीच्या कंपनीत होतात," तो म्हणाला. त्या दिवसापासून घरातलं कुठलंही काम सांगितलं की ह्यांनी हलायचं बंद केलं. सरावात खंड पडतो म्हणे.

एकदा तो आम्हाला केळ कशी उभी राहते ते बघायला गासला घेऊन गेला. खरीखुरी केळ, जागेवर. पास्कूबाबा वाडीत होते. खांद्यावर टॉवेल, हातात फावडं. आम्हा सगळ्यांना ओळीनं आपल्या केळींकडे टक लावून बघताना ऐकून, म्हणजे आमची ती शांतता ऐकून, त्यांनी विचारलं, "बाजारात भाव पडला काय केल्यांचा? एवढी माणसा कशाला आली बगायला?" मग पुढे होऊन पाटाच्या कडेनं झपझप चालत त्यांनी आम्हाला सगळी वाडी फिरवली. घसरट बांधावर मी दोनदा ह्यांना धरलं. म्हातारा एकदाही अडखळला नाही. मेल्विननं हळूच विचारलं, "बाबा, डोळे कसे आहेत?"

"सगला दिसतंय मना. तुजा तोंड कवडा सुकलाय ता बी दिसतंय."

मेल्विनचा चेहरा उजळला. परत येताना रिक्षात त्याचे दोन्ही हात गिरक्या घेत होते.

पण फादरांनी तारीख पुढे ढकलली. उपवासकाळ सुरू झाला होता. ईस्टरपर्यंत हॉलमध्ये नाचगाणं नाही, म्हणाले. मेल्विन फादरांशी भांडला नाही, रोज संध्याकाळी गासला जाऊन यायचा आणि आल्यावर मला जिन्यात सांगायचा, "अजून दिसतंय, वहिनी. आज म्हणाले, तुझा शर्ट चुरगळलाय." त्याचा शर्ट नेहमीच चुरगळलेला असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ईस्टर झाला आणि कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सकाळी ग्रुपवर अंगठा आला नाही. चौगुल्यांनी काळजीनं विचारलं, "अंगठा ठीक ना?" संध्याकाळी आम्ही हिरवे कुर्ते घालून हॉलच्या पाठीमागे उभे. गावातली माणसं भरभरून आली होती. पोरं, चांगल्या साड्या नेसलेल्या बायका, पुढच्या खुर्च्यांवर म्हातारे. पहिल्या रांगेत मधोमध पास्कूबाबा, पांढरा शर्ट, केसांना तेल. त्यांच्या शेजारी आमचे चौगुले. थोरला मुलगा त्यांना हाताला धरून आणत होता तर त्यांनी हात झटकला आणि स्वतः येऊन खुर्चीत बसले. मेल्विन आम्हा एकेकाजवळ आला, पाया पडावं तशा गंभीरपणे कानात 'शेण' म्हणाला आणि जागेवर गेला.

पडदा उघडला. पियानो लागला. आम्ही केळी झालो.

मी पाठीमागून पाहत होते. मेल्विन नाचायला लागला, आणि मला खरं सांगायला हवं, इतके दिवस ज्याची मी टिंगल केली तो माणूस हा नव्हता. तो वाकला की फावडं दिसायचं. हातानं माती बाजूला केली की पाणी वाहायला लागलंय असं वाटायचं. तो उंच उडायचा आणि खाली यायचा, आणि फळ्यांच्या त्या जुन्या स्टेजवर करकर सोडा, साधा श्वासही ऐकू येत नव्हता. एक बाळ रडायचं थांबलं. मला वाटलं, झालं, पाहिलं बाबांनी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"गाना कवाचा लागलाय. पोरगा कवा येनार?"

कुणी हसलं नाही. चौगुल्यांनी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. पास्कूबाबा चमकले आणि त्यांनी मान उचलली; चेहरा स्टेजकडे होता, पण थोडा बाजूला, जिथं कुणीच नव्हतं तिथं. तेव्हा मला कळलं. आणि मेल्विनला माझ्याआधी कळलं असणार, कारण तो गिरकीच्या मधेच थांबला होता. कंपनीत हे पाप असतं. म्हाताऱ्याला काहीच दिसत नव्हतं. वाडी पाठ होती म्हणून तो न अडखळता चालला होता आणि शर्ट चुरगळलेला असणार हेही त्याला पाठच होतं. पोराला बरं वाटावं म्हणून त्यानं सगळं दिसतंय सांगितलं, आणि पोरगा त्या भरवशावर ईस्टरची वाट बघत राहिला.

मेल्विन किती वेळ उभा होता कोण जाणे. पियानो एकटाच वाजत होता. माझ्या मनात आलं, आता हा पडदा पाडायला सांगेल, आणि सांगितलं तर त्याचं चुकणार नाही.

मग त्यानं उजवा पाय उचलला आणि फळ्यांवर आपटला. धाड. सगळा हॉल दचकला. मग डावा. धाड. तोच नाच त्यानं पहिल्यापासून सुरू केला, पण टाचा आपटत, पाय टाकत, उडी मारून सरळ दणकन खाली येत. तो बॅलेमास्टर तिथं असता तर त्यानं मेल्विनला त्याच पावली घरी पाठवलं असतं. स्टेजवरची धूळ उडाली. माझ्या पायाखालची फळी हलली. आम्ही वाडीसकट हललो. सरळ रेषा गेली खड्ड्यात. मी डोळे पुसत होते आणि केळ रडत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं.

पास्कूबाबा पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. आणि ते मोठ्यानं चौगुल्यांना सांगायला लागले, कारण त्यांच्या लेखी आता चौगुल्यांनाच दिसत नव्हतं. "आता पाटाकडं गेला... वाकला. आता फावडा मारला. ए, आता कोपऱ्यातल्या केलीला पानी देतो बग, ती आमची जुनी केल हाय... आता उडी मारली. एवडी उडी?" शेवटी शेवटी फक्त मान मेल्विनच्या पायांच्या मागे मागे फिरत होती, आणि एकदाही चुकली नाही.

टाळ्या खूप झाल्या. पडदा पडला, पण आमचे हे हललेच नाहीत. मेल्विननं 'सुटा' म्हटल्याशिवाय सुटायचं नाही अशी शिस्त होती. त्यांना मी ओढून काढलं. हॉल रिकामा होत आला तेव्हा मेल्विन घामानं निथळत खाली आला आणि वडलांसमोर उभा राहिला. मी कपड्यांची पिशवी भरत होते. निघून जायला हवं होतं, गेले नाही.

पास्कूबाबांनी हात पुढे केला. तो मेल्विनच्या कमरेला लागला. तिथून चाचपत खाली उजव्या गुडघ्यावर आला.

"ह्यो दुखतो."

"नाही बाबा."

"डाव्यावर दनकून पडतो. उजव्यावर पडताना राखून पडतो. मना ऐकू आला." म्हाताऱ्यानं गुडघा दोन्ही तळव्यांत धरला. "कवापासून?"

मेल्विननं कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाला, "ऑपरेशन झालं तिकडं. कंपनीनं काढलं मला. मी परत जाणार नाही, बाबा."

"सांगितला नाय."

"तू सांगितलंस डोळ्यांचं?"

पास्कूबाबांनी गुडघा सोडला नाही. केळं पिकलं का ते माणूस जसा सावकाश दाबून बघतो, तसे ते अंगठ्यानं वाटीच्या कडेकडेनं दाबत राहिले. या माणसाच्या ग्रुपवरच्या अंगठ्यांना मी हसत आले होते, आणि त्याचा खरा दुखरा भाग त्यानं आम्हा कुणालाच दाखवला नव्हता.

मग म्हातारा उठला. दिवसभर कुणाचा हात न धरणाऱ्या त्या माणसानं पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं दाराकडे निघाले. हॉलबाहेर उतरायला पायऱ्या आहेत. पास्कूबाबांचं सगळं आयुष्य या चर्चमध्ये येण्याजाण्यात गेलेलं. पायरीच्या अलीकडे ते बरोबर थांबले.

"पायरी हाय. दुखरा पाय पयला टाकू नको. डावा टाक पयला."

सल्ला साफ चुकीचा होता. उतरताना दुखरा पाय आधी टाकायचा असतो. माझ्याही गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मला ते सांगितलेलं आहे. आणि पाय कसा टाकायचा यावरून सगळ्या इमारतीचा जीव खाणाऱ्या मेल्विनला ते ठाऊक नसेल, हे शक्यच नाही.

"हो बाबा," मेल्विन म्हणाला, आणि डावा पाय आधी टाकून, चेहरा वेडावाकडा करत, एकेक पायरी उतरला.